सिद्रामअण्णाचं टेबल

सिद्रामअण्णांनी आमच्या कारखान्यात कुणालाच कधी नावाने हाक मारली नाही. ज्याची जी मशीन, तेच त्याचं नाव. मी लेथवर, म्हणजे लोखंड गोल कातणाऱ्या मशीनवर होतो, म्हणून मी 'लेथ'. मिलिंग मशीन चालवणारा इस्माईल हा 'मिलिंग'. मालक नरसय्याशेट यांना ते पाठीमागे 'मेन स्विच' म्हणायचे. अण्णांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे त्यांचं पाठीमागचं बोलणंही सगळ्या शेडला ऐकू जायचं. शेटनाही.

माझं लग्न झाल्यावर बायकोला घेऊन मी त्यांच्या घरी पाया पडायला गेलो. अण्णांनी दारातूनच आत ओरडून सांगितलं, "अगं ए, लेथ आलाय. संगं लेथीणबाई पन हायत. शेंगाची चटणी काढ की." माझी बायको पंढरपूरकडची, नवीन. तिला वाटलं, आमचं हेच आडनाव आणि लग्नात कुणी तिला सांगितलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी ते आमच्याकडे आले. सोलापुरात भवानी पेठेत नरसय्याशेटची पत्र्याची शेड होती. आजूबाजूला घरोघरी माग, आणि त्या मागांना लागणारे सुटे भाग आम्ही करायचो. दिवसभर मागांचा खडखडाट कानात असायचा. तो थांबला की उलट काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. अण्णांची उमेदीची सगळी वर्षं एका मोठ्या गिरणीत मागांची दुरुस्ती करण्यात गेली होती. गिरणीने त्यांना हातातली कला दिली आणि कान ठेवून घेतले.

पहिल्या दिवशी ते आले तेच लग्नाला आल्यासारखे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, इस्त्रीची टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. मशीनच्या दुरुस्तीला ठेवलेला माणूस असा येतो हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि खिशातून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला. मग एकेका मशीनपाशी जाऊन त्याचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं आणि मूठ दातांत धरून डोळे मिटायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस मशीनला चावतोय.

"अण्णा, हे काय?" मी कानाजवळ जाऊन विचारलं.

"कान गिरणीत गेला. आता हाडानं ऐकतो," ते म्हणाले. "तुझ्या लेथाचा मागचा बेरिंग रडायलाय. तेल घाल."

मी तेल घातलं. लेथचा आवाज खरोखरच कमी झाला. तेव्हापासून मी त्यांच्या दातांवर विश्वास ठेवायला लागलो.

इस्माईलच्या मिलिंग मशीनपाशी मात्र ते बराच वेळ थांबले. ही मशीन शेटनी जुनी विकत घेतलेली, विलायती, म्हातारी. मिलिंगमध्ये कापणारं चाक एका जागी फिरतं आणि ज्याला कापायचं तो तुकडा टेबलावर आवळून, ते टेबलच चाकाखालून हळूहळू सरकवायचं असतं. टेबल तिरक्या खाचांमध्ये बसलेलं असतं, आणि एका बाजूला खाचेत एक लांब पट्टी घातलेली असते. तिला आमच्यात जिब म्हणतात. बाहेरून एका ओळीत स्क्रू असतात. ते पिळले की जिब आत दाबली जाते आणि टेबल घट्ट होतं; सोडले की सैल. सैल झालं तर कापताना टेबल थरथरतं आणि काम खराब होतं. घट्ट झालं तर हँडल फिरत नाही.

आमच्या मशीनची गोष्ट अशी की वर्षानुवर्षं सगळी कामं टेबलाच्या मधल्या भागात झालेली. खाचा मध्येच झिजलेल्या, टोकाला नव्यासारख्या. मधल्या भागासाठी जिब आवळावी तर टेबल टोकाला जाऊन अडकायचं. टोकासाठी सोडावी तर मध्ये डुलायचं. इस्माईल एका हाताने हँडल फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने स्क्रू घट्ट-सैल करत राहायचा.

"मशीन नै है अण्णा ये, सास है," तो म्हणायचा. "घडी घडी मिजाज बदलता इसका."

अण्णांनी टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं आणि सरळ शेटपुढे जाऊन उभे राहिले. "शेट, टेबल खोलाया पायजे. खाचा खरवडून सपाट करतो. जिब बी नवी बसवतो."

"किती दिवस?"

"बसंल तवर."

शेटकडे मागवाल्यांची कामं तुंबलेली. ते नाही म्हणाले. अण्णांनी पुन्हा सांगितलं. शेटना राग आला की ते तेलुगूत शिरायचे, आणि अण्णा रागावले की कानडीत. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धीच यायची, त्यामुळे भांडण जोरात व्हायचं पण कुणाच्या मनाला लागायचं नाही. त्या दिवशीही तसंच झालं. शेवटी दोघं मराठीत आले आणि चहा प्यायले. टेबल काही खोललं गेलं नाही.

अण्णांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "सरकलं पायजे, हललं न्हाय पायजे." मशीनचं टेबल असो, कपाटाचा खण असो, की देवळाचा दरवाजा. खडखडणारी किंवा अडकणारी वस्तू दिसली की त्यांना पुढे जाताच येत नसे. एकदा अक्कलकोटला जाताना एस.टी.त त्यांच्या शेजारची खिडकीची काच खडखडत होती. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर काढला, काचेची पट्टी सैल केली, तिकिटाची घडी घालून आत सारली, पट्टी पुन्हा बसवली. काच गप्प झाली. कंडक्टर धावत आला. "ओ काका, सरकारी गाडी हाय ही."

"मग सरकारी काच का वाजायली?" अण्णा म्हणाले.

 तेवढ्यात मागच्या बाईने सांगितलं, आमची बी बसवा की, लेकरू झोपंना झालंय. मग पुढच्या माणसाने सांगितलं. सगळ्यांनी आपापली तिकिटं काढून दिली. अक्कलकोटला तपासनीस चढला तेव्हा अर्ध्या गाडीची तिकिटं खिडक्यांमध्ये होती, आणि कंडक्टर अण्णांची बाजू घेऊन तपासनिसाला समजावत होता. हे मला अण्णांनी सांगितलं असतं तर मी निम्मंच खरं मानलं असतं. पण मी त्या गाडीत होतो, आणि माझंही तिकीट एका खिडकीत होतं.

मग दुष्काळ आला. शहरात नळाला पाणी कमी, खेड्यात तर प्यायलाच नाही. माणसं खडी फोडायच्या कामावर जायला लागली, आणि ज्यांच्या विहिरी होत्या ते त्या खोल करायला लागले. अण्णांची थोरली बहीण नागव्वाअक्का दुधनीच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत ती आणि बसू नावाचा तिचा मुलगा बघायचे. सगळी वस्ती त्यांच्याच विहिरीवर पाण्याला यायची, आणि ती विहीर तळाला गेली होती. त्यांनी विहिरीवर यारी बसवली होती. यारी म्हणजे विहिरीतला फोडलेला दगड मोठ्या लोखंडी बादलीतून वर ओढणारं, इंजिनावर चालणारं यंत्र. त्या यारीतला लहान गियर मोडला आणि काम बंद पडलं.

बसू मोडका गियर घेऊन आमच्या शेडमध्ये आला. धनगरासारखा उंच, काटक गडी. सारखा दाराकडे बघत होता, कारण परतीची एस.टी. चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी नव्हती. "मामा, खाली खडक वला लागलाय," तो म्हणाला. "चार हात गेलो की पानी हाय. आजच करून द्या."

मी लेथवर गोल तुकडा करून दिला. इस्माईलने मिलिंगवर दात कापले. अण्णा स्वतः बाजूला उभे राहून जिबचे स्क्रू आवळत, सोडत होते. तरी टेबल थरथरलंच. गियर खाली उतरवला तेव्हा दातांवर बारीक लाटा उठलेल्या दिसत होत्या. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. दारात बसू उभा होता.

"चालंल," अण्णा म्हणाले.

आठवडा झाला नसेल. सकाळी आम्ही मशीनी सुरू करत होतो, तेव्हा दारात एक उंच म्हातारी येऊन उभी राहिली. हिरवं इरकल लुगडं, कपाळ मोकळं, गळ्यात चांदीचं लिंग. तिने पदरात बांधलेली वस्तू सोडली आणि अण्णांपुढे ठेवली. तो आमचाच गियर होता. त्याचे दात उडाले होते.

"सिद्दू," ती म्हणाली, "भरली बादली वरनं सुटली. बसू खाली हुता. भिंतीला चिकटला म्हनून वाचला."

नागव्वाअक्का ही जगातली एकच व्यक्ती होती जिच्यापुढे अण्णा हळू बोलायचे. त्यांनी गियर हातात घेतला, तुटलेल्या दाताच्या मुळाशी नख लावून पाहिलं. मग इतका वेळ उभे राहिले की इस्माईलने मशीन बंद केली. अण्णा गप्प आहेत ही गोष्ट आमच्या शेडला झेपत नव्हती.

"मला दिसलं हुतं, अक्का," शेवटी ते म्हणाले. "दात चांगलं न्हवतं. मी चालंल म्हनलो."

अक्का दाराकडे वळली. तिने पोतं अंथरलं आणि दारातच बसली.

अण्णांनी टोपी खिळ्याला अडकवली, पाने घेतले आणि शेटना न विचारता मिलिंगचं टेबल खोलायला सुरुवात केली. इस्माईल आणि मी मदतीला गेलो. टेबल उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, तेवढ्यात नरसय्याशेट आले. त्यांनी आपल्या मशीनची उघडी हाडं पाहिली आणि थेट तेलुगूत शिरले. अण्णा कानडीत उत्तरं द्यायला लागले, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. तेव्हा दारातली म्हातारी उठली.

"मालक," ती मराठीत म्हणाली, "माझा लेक मरता मरता वाचलाय. ह्याला ह्याचं काम करू द्या. मी हितंच बसल्ये. नीट केल्याबिगर ह्याला जेवू बी देनार न्हाय."

शेट पुढे आले. मग मोडका गियर उचलून पाहिला, खाली ठेवला. "आधी सांगायचं नाही का, एवढं खराब झालंय म्हणून," ते अण्णांना म्हणाले.

"सांगितलं हुतं की. तुमी तेलुगूत न्हाय म्हनलात."

शेटनी चहा सांगितला. अक्कालाही दिला. त्या दिवसापासून मिलिंगची कामं त्यांनी शेजारच्या कारखान्यात पाठवली, आणि आमच्या मागवाल्यांची तोंडं स्वतः सांभाळली. हे त्यांचं मोठेपण. ते कुणी बोलून दाखवत नाही म्हणून मी इथे लिहितो.

मग अण्णांचं खरवडणं सुरू झालं. जुनी कानस घासून तिचं टोक धारदार केलेलं, त्याला म्हणायचं स्क्रेपर. एका अगदी सपाट लोखंडी पट्टीला निळा रंग पुसट लावायचा आणि ती पट्टी खाचेवरून घासायची. जिथे उंचवटा असेल तिथे निळा डाग उमटतो. तेवढा डाग स्क्रेपरने खरवडायचा. केसाहून पातळ धातू निघतो. पुसायचं, पुन्हा निळा लावायचा, पुन्हा घासायचं, पुन्हा खरवडायचं. सुरुवातीला दोन टोकांनाच डाग उमटायचे आणि मध्ये कोरडं. हळूहळू डाग मध्याकडे सरकायला लागले, बारीक आणि दाट व्हायला लागले. अण्णांची बोटं निळी, कानाची पाळी निळी, शर्टाला मात्र ठिपका नाही.

अक्का रोज अण्णांच्या घरून त्यांच्याबरोबर यायची, दारात बसून सुपात शेंगा फोडायची आणि बघायची.  दुसऱ्या दिवशी म्हणाली, "वडारीन जात्याला टाकी लावती तसं करालास की रे."

"तसंच हाय," अण्णा म्हणाले. "फक्त हितं पीठ पडत न्हाय."

पुढे एकदा ती उठून जवळ आली, कमरेवर हात ठेवून खाचेकडे पाहिलं आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. "हितं दर बारीला कोरडंच राहायलंय."

"मला दिसलंय ते," अण्णा म्हणाले.

"दिसलंय तर मग?"

"तितं अजून आलो न्हाय, अक्का."

"बरं," म्हणून ती पोत्यावर जाऊन बसली. इस्माईल माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "अण्णा का इन्स्पेक्टर आया रे बा." अण्णांना ते ऐकू गेलं नाही, अक्काला गेलं. तिने त्याला मूठभर शेंगा दिल्या.

त्या दिवसांत अण्णांचं बोलणं परत आलं. खरवडताना ते गुणगुणायचे, सूर कुठे जाईल ते त्यांना ऐकू येत नव्हतं आणि आम्हाला टाळता येत नव्हतं. अक्का मध्येच सांगायची, "साकू, सिद्दू." म्हणजे पुरे. तेवढं मात्र त्यांना बरोबर ऐकू यायचं.

सगळ्या खाचेवर निळे ठिपके सारखे उमटायला लागले तेव्हा अण्णांनी नवी जिब खरवडून तिच्या जागी बसवली, टेबल चढवलं, तेल घातलं. मग स्क्रू. प्रत्येक स्क्रू टेबल अडेपर्यंत पिळायचा आणि मग किंचित मागे सोडायचा, वरून नट आवळायचा. नट आवळताना स्क्रू फिरला की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन बघायचं. शेवटी त्यांनी एक बोट हँडलवर ठेवलं आणि फिरवलं. टेबल सरकलं. टोकाला सरकलं तसंच मध्ये, मध्ये तसंच दुसऱ्या टोकाला. अण्णांनी टेबलाचा कोपरा धरून हलवून पाहिला. तो हलला नाही.

"मक्खन हो गया अण्णा," इस्माईल म्हणाला.

"मक्खन उन्हात वितळतं. हे न्हाय वितळत."

मग ते अक्काकडे वळले. "बघ फिरवून."

ती पदराला हात पुसत आली. हँडल धरलं आणि फिरवायला लागली. आम्ही सगळे बघत होतो, शेटसुद्धा. टेबल पार टोकाला गेलं, परत आलं. तिने वेग कमी केला, वाढवला. "हं," ती म्हणाली. "आता हलकं फिरायलंय." आणि अण्णांकडे न बघता, "बस आता, जेवून घे."

नव्या गियरचा तुकडा मी केला, दात इस्माईलने कापले. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरून सगळा वेळ ऐकलं. गियर निघाला तेव्हा दात आरशासारखे. अण्णांनी अंगठा फिरवला आणि तो माझ्याकडे दिला. "लेथ, तू बी चल गावाला. बसवताना काय घासावं लागलं तर."

विहिरीवर आम्ही तो बसवला तेव्हा उन्हं चांगलीच चढली होती. इंजिन सुरू करून रिकामी बादली खाली-वर केली. सगळं ठीक. पण खाली उतरायला कुणी तयार होईना. खडक फोडणारे गडी लिंबाच्या सावलीला बसून राहिले. त्यांचंही खरं होतं. बादली सुटलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बसू उठला, तशी त्याची बायको पुढे झाली आणि तिने त्याचा दंड धरला. 

अण्णांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले. पायऱ्या संपल्या की पुढे दोर होता. साठीला आलेला माणूस पांढऱ्या कपड्यात दोराला धरून खाली चालला होता.

"सिद्दू, वर ये," अक्का काठावरून ओरडली.

अण्णा उतरत राहिले.

"सिद्दू, म्हातारा झालायस. वर ये म्हनत्ये मी."

तळाला पाय टेकवून अण्णांनी वर पाहिलं. कानामागे हात धरला. "चहा?" खालून आवाज आला. "पाठव की खाली."

सावलीतले गडी हसायला लागले. अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिलाही हसू आलं. अण्णांनी पाटीने दगड उचलून बादलीत भरले. बादली भरली तसा हात वर केला आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बसूने इंजिनाला वेग दिला. दोर ताणला गेला. बादली जमिनीवरून सुटली आणि चढायला लागली. मी गियरकडे बघत होतो, अक्का खाली बघत होती, बाकी कुणी कुठे बघत होतं मला माहीत नाही. इंजिनाखेरीज आवाज नव्हता. बादली काठावर आली, गड्यांनी ती बाजूला ओढली, दगड ओतले.

"अजून एक," खालून अण्णा म्हणाले.

दुसऱ्या बादलीनंतर बसू खाली गेला, मग एकेक करून गडी. अण्णा वर आले ते मातीच्या रंगाचे होऊन. अक्काने लहान पोराला घालावा तसा त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच हाताने त्यांचा शर्ट झटकायला लागली. झटकून काही निघणार नव्हतं, पण ती बराच वेळ झटकत होती. तेव्हा मला कळलं की अण्णांना तिची पहिलीच हाक ऐकू गेली असणार. 

त्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलं. धो धो नाही, पण वस्तीला प्यायला आणि जनावरांना पुरेल एवढं.

त्या टेबलाची बातमी भवानी पेठेत पसरली आणि अण्णांना दुसऱ्या कारखान्यांतून बोलावणी यायला लागली. मान वाढला तशी इस्त्री आणखी कडक झाली. धाकट्या मुलासाठी मुलगी बघायला गेले तर तिथेही हेच. पाहुण्यांसाठी पोहे आले, पण चांगले चमचे ज्या खणात होते तो खण उघडेना. मुलीचे वडील ओढून ओढून घामाघूम. अण्णा उठले, खण हळूच उचलून बाहेर काढला, एक मेणबत्ती मागून घेतली, कडांना मेण घासलं, बसवला. खण बोटाने सरकला. मग त्यांनी त्याच कपाटाचे बाकीचे खणही काढले; आत दिसावं म्हणून मुलगी तीच मेणबत्ती पेटवून धरून उभी. मुलीला प्रश्न विचारायचे राहूनच गेले. परत निघताना त्यांच्या बायकोने आठवण केली तेव्हा अण्णा म्हणाले, "विचारायचं काय? मघा मेणबत्ती कोनी धरली हुती? हात जरा बी हलला न्हाय पोरीचा." लग्न ठरलं. ही गोष्ट मला त्या सुनेनेच सांगितली, सासऱ्यांच्या देखत, आणि अण्णा ऐकू न आल्यासारखं करून चटणी-भाकरी खात राहिले.

पुढे दोन-तीन वर्षांनी मला पुण्यात चांगली नोकरी लागली. सोलापूर सोडायचं ठरलं तेव्हा हिवाळा होता. नागव्वाअक्काने निरोप पाठवला की येळवसेला सगळ्यांनी शेतावर यायचं, लेथ आणि लेथीणबाईंनी तर यायचंच. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या भागात त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात जेवायला. नरसय्याशेट घरच्यांना घेऊन आले, इस्माईल त्याच्या आईला घेऊन आला. कमरेइतकी ज्वारी उभी होती. कडब्याच्या खोपीत पूजा झाली. अक्काने शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर वाढली आणि गाडग्यातून आंबील ओतली, इतकी की शेट तेलुगूत नको म्हणायला लागले. अक्काने त्यांना कानडीत आणखी वाढली.

जेवणं झाल्यावर बायका-पोरांनी चिंचेला बांधलेल्या झोक्यावर आळीपाळीने झोके घेतले. आम्हाला दुधनीहून संध्याकाळची गाडी धरायची होती, म्हणून बसूने बैलगाडी जुंपली. मी अण्णांच्या पाया पडलो. "पुन्याच्या मशीनी लई मोठ्या असत्यात म्हनं," ते म्हणाले. "भिऊ नको. तेल घालत जा." एवढंच. मग पाठीवर हात ठेवून मला गाडीकडे ढकललं.

गाडी बांधावरून रस्त्याला लागली. बायकोने माझा हात ओढला आणि मागे बघायला सांगितलं. पोरं झोक्यावरून उतरली होती आणि त्यावर अण्णा बसले होते. मागे नागव्वाअक्का उभी होती, पदर खोचलेला, आणि दोन्ही हातांनी त्यांना झोका देत होती. प्रत्येक झोक्याला अण्णांचे पाय ज्वारीच्या वर दिसायचे आणि पुन्हा खाली जायचे. आम्हाला बघून त्यांनी एक हात सोडला आणि हलवला. अक्का काहीतरी ओरडली, बहुतेक दोन्ही हातांनी धर म्हणून. त्यांनी तिच्याकडे मान वळवली, दुसरा हात कानामागे धरला, आणि आता दोन्ही हात सुटलेल्या त्या म्हाताऱ्याला तिने पुन्हा जोरात झोका दिला.

त्यानंतर आमची भेट झाली नाही.